दोन लिटर कमी

राजस्थानातल्या त्या सहलीत मी सहा दिवसांत वाळवंट पाहिलं असेल फार तर वीस मिनिटं. बाकी सगळा वेळ मी सिंकखाली आडवी पडून पाइपांचे जोड चाचपत होते.

“सारिका, अगं बाहेर बघ! बारखाण! अगदी चंद्रकोरीसारखी टेकडी, आणि ती पलीकडची तीव्र उताराची बाजू बघ!” माझा नवरा हृषी खिडकीला नाक लावून ओरडला. तो कॉलेजात भूगोल शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर काढलेली टेकडी आता त्याला खरीखुरी दिसत होती, त्यामुळे दर पाच मिनिटांनी त्याचं ओरडणं चालू होतं.

“डोंबलाची टेकडी,” मी सिंकखालून म्हटलं. “तो टॉर्च दे इकडे.”

“आई, आपण सहलीला आलोय की नळदुरुस्तीला?” वरच्या बर्थवरून आमची जुई म्हणाली. ती पंधरा वर्षांची आहे. या वयात सगळं आपल्यालाच कळतं असं वाटतं, तसं तिलाही वाटतं.

सहल नावालाच होती. खरं तर ती माझी परीक्षा होती. आमची कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं दीड खोलीचं घर. चार बर्थ, ओटा, एवढंसं न्हाणीघर, आणि स्टिअरिंगला हात न लावता आपली आपण चालणारी. तसल्या गाड्या आता कुठेही भाड्याने मिळतात, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते ओट्याखाली बसवलेल्या, धुण्याच्या मशीनएवढ्या यंत्रात. त्याचं नाव चक्र. ते बनवण्यात माझी अकरा वर्षं गेली होती.

चक्र काय करतं ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. आपल्या मूत्रपिंडातल्या पेशींना प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांतून पाण्याचा एकेक रेणू रांगेने जातो. मीठ, युरिया, जंतू, दुसऱ्या कुणाला आत प्रवेश नाही. ही दारं एका पातळ पडद्यात बसवली, की पडद्याच्या एका बाजूला कसलंही घाण पाणी ओता, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी येतं. अडचण एकच होती, उन्हाळ्यात ही प्रथिनं टिकायची नाहीत. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या एका जिवाणूकडे आम्हाला टिकणारं प्रथिन सापडलं आणि गाडं पुढे सरकलं.

भांड्यांचं, आंघोळीचं, संडासातलं, सगळं पाणी या पडद्यातून जातं आणि परत पिण्याच्या नळाला येतं. शिवाय गाडीतली हवा थंड नळ्यांवरून फिरत असते. तुमच्या श्वासातली वाफ, अंगावरचा घाम, तोही तिथे टिपला जाऊन टाकीत पडतो. टाकी एकशे चाळीस लिटरची. चार माणसं दिवसाला शंभर लिटर वापरतात, त्यातलं शहाण्णव लिटर परत येतं. चार लिटर मात्र जातंच. थोडं गाळात अडकतं, थोडं फटींतून उडतं, त्याला इलाज नाही.

जोधपूरला, चक्राला मंजुरी देणाऱ्या समितीच्या माणसांनी टाकीला सील ठोकलं. आठ दिवसांची चाचणी. चौघांनी आठही दिवस गाडीतच राहायचं, बाहेरच्या पाण्याचा थेंब कुणाच्या पोटात जाता कामा नये, आणि आठव्या दिवशी संध्याकाळी टाकीत निदान ऐंशी लिटर पाणी उरलं पाहिजे. आठ चोक बत्तीस जाणार, एकशे आठ उरणार. मी झोपेतसुद्धा पास झाले असते.

पास झाले, तर माणदेशातल्या एकवीस निवासी शाळांना चक्र मिळणार होतं. नापास झाले, तर फाईल बंद. मी आटपाडीकडची. नववीत असताना फेब्रुवारीत टँकर यायचा थांबला आणि आमची निवासी शाळाच बंद पडली. त्रेसष्ट मुली घरी गेल्या आणि जूनमध्ये एक्केचाळीस परत आल्या. माझ्या बाकावरची शालन आली नाही, तिचं चैत्रातच लग्न लावून दिलं होतं. लोक मला विचारतात, संडासाच्या पाण्यात अकरा वर्षं कशी काढलीस? अशी काढली.

आणि आता पाचव्या दिवशी संध्याकाळी टाकी दाखवत होती शहाण्णव. असायला हवं होतं एकशे वीस. चोवीस लिटर पाणी गेलं कुठे?

मी सगळे जोड उघडून बघितले, झडपा बदलल्या, पंपाला कान लावून बसले. पाइपांवर टिश्यू पेपर गुंडाळून ठेवले, एकही ओला झाला नाही. स्क्रीनवर तर यंत्राने मला सरळच सुनावलं होतं: नळ्यांमध्ये गळती नाही, गळती वापरकर्त्यांमध्ये आहे. म्हणजे यंत्राच्या मते माणसंच गळत होती.

मी हृषीला गाडीच्या मागे घेऊन गेले.

“खरं सांग. तू झुडपामागे जातोस का?”

“कशाला?”

“कशाला काय? लघवीला!”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “एकदाच गेलो. परवा. सूर्यास्त चालला होता, फोटो काढायचे होते...”

“हृषी, दुसऱ्या दिवसापासून रोज सहा लिटर जातंय.”

“सहा लिटर? मी काय उंट आहे का गं?”

मला हसू यायला हवं होतं, पण रडू यायला लागलं. तो पाठीवरून हात फिरवायला लागला तेव्हा मी तो झटकून टाकला. तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं. “काय झालं गो? पोटात दुखतंय का कुणाच्या?”

“काही नाही आई. गार हवा खातोय,” मी म्हटलं. बाहेर बेचाळीस डिग्री होतं.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. वैजयंतीबाई, वय चौऱ्याहत्तर, गुहागरच्या. त्यांच्या अंगणातली विहीर भर मे महिन्यातही हात घालून पाणी काढावं इतकी वर असते. पाणी या विषयावर आमचं वीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही. मी तांब्याभर पाण्यात तोंड धुते, तर त्या म्हणतात, पोरीने चेहरा भिजवला की नुसता घाबरवला? सोवळं फारसं उरलेलं नाही त्यांचं, पण पाण्याच्या बाबतीत फार कडक. लग्नाला गेल्या तरी पाणी घरचं नेतात. चाचणीला मला चौथं माणूस हवं होतं आणि त्यांना तनोटची देवी बघायची होती. चक्राचं खरं सांगितलं असतं, तर त्यांनी गाडीत पाऊल ठेवलं नसतं.

म्हणून मी थाप मारली. “आई, टाकीत आपल्या पुण्याच्या घरचंच पाणी भरून घेतलंय. भरपूर आहे, अगदी हात राखून वापरू नका,” असं सांगितलं. संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, असंही सांगितलं. हृषी मान खाली घालून चप्पल शोधायला लागला. जुईला मी आधीच दम दिला होता.

*

सहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराचा खटका वाजला आणि मला जाग आली. आम्ही रामगढच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका खेजडीच्या झाडाखाली मुक्काम केला होता. नुकतं उजाडत होतं. वाळू गुलाबी दिसत होती, वारा अजून थंड होता, आणि एक क्षण मला वाटलं, बरं झालं जाग आली, निदान आज तरी वाळवंट बघू. मी दारात येऊन उभी राहिले.

खेजडीच्या बुंध्याशी सासूबाई वाकल्या होत्या. त्यांच्या हातात घरून आणलेली पितळी कळशी होती, आणि त्या ती कळशी हळूहळू मुळाशी ओतत होत्या. अगदी शांतपणे, गोल फिरवून. वाळू चुर्र करून पाणी पिऊन टाकत होती.

“आई!”

“उठलीस का? अगो, हे झाड बघ कसं सुकलंय बिचारं.”

“तुम्ही काय करताय?”

“शिळं पाणी घालत्ये. काल संध्याकाळचं ना हे. आता ताजं भरून घेत्ये.”

“रोज?” मी दारातून खाली उतरले. “रोज ओतताय?”

“म्हणजे काय? शिळं पाणी कोणी पितं का? तिकडे माडाला घालतो, इथे माड नाहीत म्हणून जे झाड दिसेल त्याला.”

रोज सहा लिटर. वीस वर्षं मी ही कळशी रोज सकाळी कुंडीत रिकामी होताना पाहत आले होते, त्यावरून भांडले होते, आणि पाच दिवस सिंकखाली लोळताना ती एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. माझ्या माहेरी शिळं पाणी नावाची गोष्टच नसते. तिथे पाणी असतं किंवा नसतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

“आवो, काय करून बसलाय हे!” रागावले की माझी आटपाडी बाहेर येते. “हे वाळवंट हाय, वाळवंट! हितं लोक थेंबथेंब साठवत्यात आन् तुमी कळशी वततायसा!”

“ओरडू नकोस. तूच म्हणालीस ना, भरपूर आहे, हात राखून वापरू नका?” त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच माझं डोकं पार सरकलं.

“भरपूर कुठलं? ते एकच पाणी आहे! सहा दिवस तेच फिरतंय! आपल्या चौघांचं मूत आहे ते, आई! तुमचं, माझं, हृषीचं! तेच गाळून तुम्ही पिताय, त्याचाच चहा करताय, तेच देवापुढे ठेवताय!”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द गेले होते. हृषी आणि जुई दारात उभे होते.

 सासूबाईंनी कळशी खाली ठेवली, नीट, कलंडू नये म्हणून वाळूत थोडी रुतवून. मग वाकून मूठभर वाळू घेतली आणि दोन्ही हात घासले. बराच वेळ घासले. नंतर पदर खोचून त्या आत गेल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

*

टाकी नव्वदवर आली होती. उरलेले तीन दिवस, रोजचे चार, म्हणजे बारा लिटर जाणार. नव्वदातून बारा गेले, अठ्ठ्याहत्तर. चक्राच्या स्क्रीनवरही तेच आलं. अंदाज: अठ्ठ्याहत्तर लिटर. अनुत्तीर्ण.

दोन लिटर कमी. अकरा वर्षं आणि दोन लिटर.

त्या दिवशी आम्ही तनोटच्या रस्त्याला होतो. तो रस्ता बघायला लोक लांबून येतात. दोन्ही बाजूंना वाळूचे डोंगर आणि मधून काळी डांबरी पट्टी, वर-खाली, वर-खाली, मैलोनमैल. हृषीने एकाही टेकडीचं नाव घेतलं नाही. जुईने कानात काही घातलं नव्हतं, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

सासूबाईंनी सकाळचा चहा घेतला नाही. दुपारी जेवल्या नाहीत, कारण भात त्याच पाण्यात शिजलेला. डब्यातले दोन खजूर खाल्ले. जुईने आपणहून पेला भरून नेला आणि लाडीगोडी लावली. आजीने नातीसाठी पेला ओठांपर्यंत नेलाही. मग त्यांना कोरडा उमासा आला आणि त्यांनी पेला परत दिला. “नाही उतरत गो बाळा,” म्हणाल्या.

मी त्यांच्याशी बोलायला गेले नाही. सकाळी जे बोलले होते त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो. मी स्क्रीनपुढे बसून आकड्यांशी झटत होते. हवेचं तापमान उतरवलं, गाळ पुन्हा फिरवला. यंत्र म्हणत होतं, आणखी काही शक्य नाही. मीच बनवलेलं यंत्र, ते खोटं कशाला बोलेल?

चार वाजता स्क्रीनवरचा आकडा आपोआप बदलला.

अंदाज: ऐंशी लिटर. उत्तीर्ण.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मी टाळीच वाजवली. हृषी धावत आला. मग मी खालची ओळ वाचली. वापरकर्ते: तीन.

तीन कसे? आम्ही चार होतो. मी जुन्या नोंदी उघडल्या आणि दोन मिनिटांत सगळं समजलं. सासूबाई एरवी चार वाजेपर्यंत चहा, भात, आमटी, पाणी धरून दोन लिटर तरी घेतात. आज त्यांनी काहीच घेतलं नव्हतं. पण श्वास चालू होता. घाम येत होता. सकाळी त्या न्हाणीघरात गेल्या होत्या. त्यांच्या अंगातून निघालेलं पाणी थंड नळ्यांवर टिपलं जात होतं, पडद्यातून गाळलं जात होतं, टाकीत पडत होतं. परत मात्र काहीच जात नव्हतं. यंत्राने हिशेब केला होता की या गाडीत आता पाणी पिणारी तीनच माणसं आहेत.

मला कमी पडणारे दोन लिटर माझ्या सासूच्या अंगातून येत होते.

मी उठून त्यांच्यापाशी गेले. ओठांना पापुद्रे आले होते. मी त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

“आई, पाणी घ्या. लिंबू पिळून देते. माझ्यावरचा राग पाण्यावर काढू नका.”

“राग आहे,” त्या म्हणाल्या. आवाज खरखरीत झाला होता. “पण हे रागाने नाही. घशाखाली उतरत नाही त्याला मी काय करू? जुईने मला सगळं सांगितलं. त्या शाळांचं. मी बाहेरचं पाणी प्यायले, तर तू नापास, होय ना?”

“हो.”

“मग राहिलं काय? परवा संध्याकाळपर्यंत काढीन मी. निर्जळी एकादशी करत्येच की वर्षाची.”

“एकादशी एक दिवसाची असते, आई!”

“मग दोन करू.”

मला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नसेल. भांडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, गाडीतून उतरून चालायला लागल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. ही बाई माझ्यासाठी सुकायला तयार होती, तेही मी सकाळी जे तोंडावर फेकलं होतं ते गिळून. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मी विचार केला. गाडीत गार आहे. परवा संध्याकाळ म्हणजे पन्नास तास. संध्याकाळपर्यंत तरी बघू, मग ठरवू. असा विचार करत मी तिथे बसले होते आणि बाहेर मैलाचे दगड जात होते. दोन दगड गेले. तेवढा वेळ मी तो विचार केला.

मग त्यांनी कोरडी जीभ ओठांवरून फिरवली.

“गाडी थांबव!” मी ओरडले.

“थांबण्याचं कारण सांगा,” गाडी गोड आवाजात म्हणाली.

“पाणी हवंय.”

“टाकीत पुरेसं पाणी आहे.”

“थांब म्हटलं ना मेल्या!” मी लाल बटणावर मूठ आपटली. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

“सारिका, नीट विचार कर,” हृषी म्हणाला.

“केला. दोन किलोमीटर केला. तू पाणी बघ कुठे आहे ते.”

त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या भूगोलाचा पहिल्यांदा उपयोग झाला. डावीकडे दूरवर चार गोल झोपड्या होत्या. “तिथे बेरी असणार,” तो म्हणाला. बेरी म्हणजे बारीक तोंडाची विहीर. या वाळूखाली कुठे कुठे खडूसारख्या दगडाचा थर असतो. त्यामुळे पावसाचं पाणी खाली जात नाही, वाळूतच ओलसर राहतं आणि खड्ड्यात थेंबथेंब झिरपतं. तो आणखी सांगणार होता, पण माझ्याकडे बघून गप्प झाला.

झोपडीपाशी एक बाई शेळ्यांना पाला घालत होती. धापू तिचं नाव, नंतर कळलं. मी आणि जुईने सासूबाईंना दोन्हीकडून धरून आणलं होतं. त्यांच्याकडे बघून तिने एकही प्रश्न विचारला नाही. शेळ्या सोडून गेली, बेरीवरचं लाकडी झाकण काढलं आणि दोरीने चामड्याचं लहानसं बोकं, म्हणजे तिकडचा पोहरा, वर ओढलं. त्यात एवढंसंच पाणी होतं.

“पी लो माँ-सा. मीठा पानी है,” ती म्हणाली.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. “मी नाही हो पिणार. हिची परीक्षा आहे.”

मी खिशातून फोन काढला, चक्राचं पान उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरून ‘चाचणी समाप्त’ दाबलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. पुन्हा दाबलं.

“संपली परीक्षा. नापास झाले. आता प्या,” मी म्हटलं.

 त्यांनी ओंजळ पुढे केली. धापूने धार धरली आणि त्या प्यायल्या, मध्ये श्वास न घेता, पदर भिजेपर्यंत. धापूने बोकं तीनदा वर काढलं. मी थोड्या अंतरावर वाळूत बसले आणि वाळवंटाकडे बघितलं. इतकं सुंदर होतं की मला त्याचाही संताप आला.

*

सासूबाई खाटेवर बसल्या. अर्ध्या तासाने तोंडावर जरा तरतरी आली. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

“त्या पोरींना सांगणार होतीस का?”

“कुठल्या पोरींना?”

“शाळेतल्या. पाणी कुठलं आहे ते.”

मी वाळूत बोट फिरवत बसले. समितीत यावर अर्धा तास चर्चा झाली होती. सांगितलं तर मुली पिणार नाहीत, आईबाप त्यांना घेऊन जातील, असं एक जण म्हणाला. मग नळावर ‘शुद्ध पेयजल’ एवढंच लिहू, हे सुचवलं होतं मी. सगळ्यांना पटलं होतं. पुढच्या विषयाला पाच मिनिटं लवकर पोचलो म्हणून अध्यक्षांनी माझं कौतुक केलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

“मग नापास झालीस ते बरं झालं.”

“बरं झालं?” मी उठूनच उभी राहिले. “अकरा वर्षं, आई! फेब्रुवारीत शाळा बंद पडते तेव्हा काय होतं, ते तुम्हाला काय कळणार? तुमच्या विहिरीत हात घातला की पाणी! पाणी स्वच्छ आहे, तुमच्या विहिरीपेक्षा स्वच्छ आहे! मी स्वतः तपासलंय, हजार वेळा!”

“असेल. मी कुठे नाही म्हणत्ये?” त्या म्हणाल्या. “पण मला सांग. त्यातल्या एखादीला चार महिन्यांनी कळलं. कुणीतरी असंच चिडून तिच्या तोंडावर फेकलं, सगळ्यांसमोर. तिच्या घशाखाली पाणी उतरेना झालं. मग तिने काय करायचं? मला ही बाई भेटली. तिला कोण भेटणार?”

  मी तणतणत गाडीकडे गेले आणि दार आपटलं, पण ते दार हळूच बंद होणारं असल्यामुळे त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

स्क्रीनवर अहवालाचा फॉर्म आला होता. हृषी शेजारी येऊन बसला. त्याने खालची तळटीप वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. “सारिका, हे बघ. यांत्रिक दोष असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी मिळते. जोड सैल होता म्हणून टाक. एक ओळ. कुणाला कळणार आहे?”

“तुला कळेल. आईंना कळेल.”

“आई काही बोलणार नाही.”

“ते मला माहितीये,” मी म्हटलं. “सकाळपासून तेच तर बघतेय.”

तो उठून बाहेर गेला. मी फॉर्म भरायला घेतला. सुरुवातीची पातळी, शेवटची पातळी, बाहेरचं तापमान, सगळं भरलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, की पिणाऱ्या व्यक्तीला पाण्याबद्दल खरं सांगितलं नव्हतं, आणि शाळांमध्येही सांगायचं नाही असं ठरलं आहे. त्याखाली शेवटचा रकाना होता, गळतीचं ठिकाण. तिथे मी स्वतःचं नाव लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.